प्रुफं वाचायला कोणता मॉनिटर घेऊ?

प्रश्न : ताई, मी निवृत्त मराठी शिक्षिका. घरी बसून प्रकाशकांची प्रुफं वाचते, गावच्या जत्रेत होणाऱ्या नाटकांच्या संहिता टाइप करून देते. चवथ झाली की दिवाळी अंकांचं काम येतं आणि १५ इंची लॅपटॉपवर संध्याकाळपर्यंत डोळे चुरचुरू लागतात. फोंड्यातल्या एका दुकानदाराने २७ इंची, वक्र, १६५ हर्ट्झचा फुल एचडी मॉनिटर दाखवला. मुलगा म्हणतो, हॉलमधला ३२ इंची टीव्हीच जोड. टेबल दोन फूट रुंद, पश्चिमेच्या खिडकीसमोर आहे. चष्मा प्रोग्रेसिव्ह. काय करू?
— एक वाचक, कवळे

उत्तर : बाई, तो वक्र मॉनिटर घेऊ नका आणि टीव्हीही जोडू नका. मी पणजीत छापखान्यात डीटीपीचं, म्हणजे संगणकावर पानं जुळवायचं, काम करत आले आहे, तेव्हा तुमची अडचण चांगली ठाऊक आहे. तुम्हाला दिवसभर अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घ बघायचे आहेत. त्यासाठी पडदा किती मोठा याच्या आधी अक्षर किती ठिपक्यांनी बनतं ते बघायला हवं.

फुल एचडी म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, म्हणजेच पिक्सेल. पडदा २४ इंची असो की २७ इंची, ठिपके तेवढेच. ठिपक्यांची रांगोळी तेवढ्याच ठिपक्यांत मोठ्या अंगणात काढली तर ठिपके लांब लांब पडतात, तसं हे. २४ इंचीवर एका इंचात साधारण ९२ ठिपके बसतात, २७ इंचीवर ८२. आता विंडोजमध्ये १०० टक्के आकाराला १२ पॉइंटच्या मजकुराच्या वाट्याला जेमतेम १६ ठिपक्यांची उंची येते. इंग्रजीचं त्यात भागतं. आपल्याला तेवढ्याच जागेत शिरोरेषेच्या वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार बसवायचे असतात. म्हणून ‘रु’ आणि ‘रू’ सारखेच दिसतात, ‘द्ध’ आणि ‘द्व’ ओळखायला नाक पडद्याला लावावं लागतं. प्रुफात चूक राहते ती इथेच.

टीव्हीचं तर विचारूच नका. ३२ इंची टीव्ही बऱ्याचदा १३६६ बाय ७६८ चे असतात, म्हणजे इंचाला पन्नासही ठिपके नाहीत. सोफ्यावरून सिनेमा बघायला तो ठीक आहे, दोन फुटांवरून वाचायला नाही.

माझं मत स्पष्ट आहे : २७ इंची, फोर-के, आयपीएस पॅनेल (बाजूने बघितलं तरी रंग न बदलणारा पडद्याचा प्रकार), ६० हर्ट्झ (पडद्यावरचं चित्र सेकंदाला ६० वेळा नवं होतं). फोर-के म्हणजे ३८४० बाय २१६०, इंचाला सुमारे १६३ ठिपके. विंडोजमध्ये स्केल २०० टक्के ठेवलंत तर फुल एचडीएवढाच मजकूर पडद्यावर मावेल, पण प्रत्येक अक्षराला चौपट ठिपके मिळतील. अक्षरं फार मोठी वाटली तर १७५ करा. आणखी एक फायदा तुमच्या कामाचा आहे. २७ इंची पडदा सुमारे ६० सेंटिमीटर रुंद आणि ३३.५ सेंटिमीटर उंच असतो. ए-फोर कागद २१ बाय २९.७. म्हणजे दोन पानं शेजारी शेजारी, खऱ्या आकारात, मावतात. २४ इंचीवर एक पानही पूर्ण उंचीत बसत नाही, वरचा मेनू आणि खालची पट्टी जागा खातात.

फोर-के बजेटबाहेर गेला तर २७ इंचीच क्यूएचडी घ्या, २५६० बाय १४४०. इंचाला १०९ ठिपके, फुल एचडीपेक्षा पुष्कळच बरं. १६५ हर्ट्झ गेम खेळणाऱ्यांसाठी, त्याचे पैसे तुम्ही देऊ नका. वक्र पडदे बहुतेक व्हीए या दुसऱ्या प्रकारच्या पॅनेलचे असतात. त्यातल्या स्वस्तातल्यांवर पान सरकवलं की काळ्या अक्षरांमागे सावली ओढली जाते.

दुकानात जाताना पेनड्राइव्हवर स्वतः टाइप केलेली संहिता आणि सोबत लॅपटॉप न्या. दुकानदार रंगीबेरंगी पोपट आणि समुद्र दाखवेल. ते बंद करायला सांगा आणि आपलं पान उघडा. ‘राष्ट्र’, ‘शृंगार’, ‘तऱ्हा’, ‘विठ्ठल’ हे शब्द १२ पॉइंटमध्ये बघा, बसता तेवढ्याच अंतरावरून. लॅपटॉप जोडून सेटिंग्जमधल्या सिस्टिम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये ६० हर्ट्झ दिसतं का तेही तपासा. एचडीएमआय १.४ च्या जुन्या पोर्टमधून फोर-के ३० हर्ट्झवरच चालतो आणि माउसचा बाण अडखळत सरकतो. तसं झालं तर निमूट क्यूएचडी घ्या. घरी आल्यावर विंडोजमधलं क्लिअरटाइप एकदा लावून घ्या, अक्षरांच्या कडा सुधारतात.

स्टँड खाली-वर होणारा हवाच. तुमच्या प्रोग्रेसिव्ह चष्म्यात वाचायचा भाग खाली असतो. पडदा उंच असला की तुम्ही मान मागे टाकून वाचणार आणि रात्री मान धरणार. पडद्याची वरची कड नजरेच्या बरीच खाली येऊ द्या आणि पडदा किंचित मागे कलवा. डोळे चुरचुरतात म्हणता, तर खरेदीआधी एकदा तपासूनही घ्या. काम करताना दर २० मिनिटांनी माडांकडे २० सेकंद बघत जा.

टेबल मात्र वळवा. आत्ता तुमच्यासमोरच खिडकी आहे, दुपारनंतर ऊन थेट डोळ्यांवर येत असणार. खिडकी डाव्या किंवा उजव्या हाताला येऊ द्या. मॅट, म्हणजे न चकाकणारा, पडदाच मागा. ब्राइटनेस ठरवायला पडद्याशेजारी प्रुफाचा कोरा कागद धरा : पडदा दिव्यासारखा चमकला तर कमी करा, कागदापेक्षा मळका दिसला तर वाढवा.

आपल्याकडच्या पावसाचंही बघा. मे अखेरीस आणि ऑक्टोबरात गडगडू लागलं की नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढा. वीज ये-जा करते म्हणून छोटा यूपीएस जोडा. असा मॉनिटर साधारण ३० ते ४० वॅट घेतो, तेवढं त्याला सहज झेपतं. वर प्लास्टिकचं आवरण घालू नका, दमट हवा आत कोंडते. सुती फडका पुरे. पुसायला कोरडं मायक्रोफायबर, काचेचा स्प्रे नको.

पैसे देण्याआधी पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा पडदा लावून मेलेला ठिपका आहे का बघा. एखाददुसऱ्या ठिपक्यासाठी कंपन्या सहसा मॉनिटर बदलून देत नाहीत. वॉरंटीत माणूस कवळ्याला घरी येतो की खोका घेऊन तुम्हालाच पणजी गाठावी लागते, हे बिलावर लिहून घ्या. आणि खोका थर्माकोलसकट माळ्यावर ठेवा, टाकू नका.