अस्मारातील इटालियन जेवण आणि शाकाहारी पाहुणा

आपला प्रश्न असा आहे की, कामानिमित्त काही दिवस एरिट्रियाच्या राजधानीत, अस्मारात, राहायचे असताना तेथील एखाद्या लहानशा इटालियन रेस्टॉरंटमध्ये शाकाहारी माणसाने जेवायला जावे का, आणि गेल्यास काय मागवावे.

जरूर जावे, आणि शक्यतो बुधवारी किंवा शुक्रवारी जावे. तेथील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक या दोन्ही दिवशी, तसेच ईस्टरपूर्वीच्या दीर्घ उपवासात, मांस, अंडी आणि दुधाचे पदार्थ वर्ज्य मानतात; त्यामुळे मांसाचा अंशही नसलेल्या सॉसमधील स्पॅगेटी त्या दिवशी वेगळी विनंती न करताही मिळू शकते. ‘त्सोम’, म्हणजे उपवासाचे, एवढे म्हटले तरी वाढणाऱ्याला पुरते. मासेही नकोत, हे मात्र स्पष्ट सांगावे, कारण काहींच्या उपवासाला मासे चालतात.

मला तेथे सर्वांत आवडलेला पदार्थ हाच. तेलात लसूण परतून त्यात टोमॅटो आटेपर्यंत शिजवलेले असतात, वर हिरव्या मिरचीचे तुकडे असतात आणि बऱ्याचदा चिमूटभर बर्बेरे घातलेले असते. लाल मिरची, मेथी, धणे, वेलची असा हा मसाला आपल्या कांदा-लसूण मसाल्याचा दूरचा नातेवाईक वाटावा असा आहे. सोबत कडक कवचाचा छोटा पाव येतो आणि ताटलीच्या कडेला सुटलेले लालसर तेल त्याने पुसून खाण्यात कोणालाही संकोच वाटत नाही. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,३०० मीटर उंचीवर असल्याने पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळते आणि पास्ता शिजायला अधिक वेळ लागतो. तेव्हा ताटली उशिरा आली तर रागावू नये.

हे जेवण रोमच्या जेवणाशी ताडून पाहू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. एरिट्रिया १८९० पासून इटलीची वसाहत होता. फॅसिस्ट काळातील वंशभेदाच्या कायद्यांनी स्थानिकांना शहराच्या गोऱ्या वस्तीपासून दूर ठेवले. मात्र इटालियन घरांतील चुलीपुढे राबणारे हात बहुतांशी त्यांचेच होते. १९४१ मध्ये एरिट्रियातील केरेन येथील लढाईत ब्रिटिशांकडून इटालियन सैन्याचा पराभव झाला (तेथे ब्रिटिशांच्या बाजूने मराठा पलटणीही लढल्या होत्या), पुढे बहुतेक इटालियन निघून गेले, पण स्वयंपाक राहिला. आज ही स्पॅगेटी अस्मारातील घराघरांत शिजते. ज्यांना एकेकाळी दाराबाहेर ठेवले गेले, त्यांनीच तो पदार्थ आपल्या चवीचा करून घेतला, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

इतर दिवशी गेल्यास लाझान्या, म्हणजे थरांचा भाजलेला पास्ता, टाळावी, कारण तिच्यात बहुधा गोमांसाचा खिमा असतो. चीजच्या बाबतीत काटेकोर असाल तर किसलेले पार्मेजान नको म्हणावे. ते परंपरेने वासराच्या जठरातील रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारा पदार्थ, वापरून करतात. अनेक ठिकाणी त्याच स्वयंपाकघरातून इंजेरा, म्हणजे आंबवलेल्या पिठाची मऊ पोळी, आणि शिरो, म्हणजे हरभऱ्याच्या पिठाचे कालवण, हेही मिळते, पण दुधाचे पदार्थही टाळत असाल तर ते लोण्यात केलेले नाही ना, एवढे विचारावे. परदेशी कार्डे तेथे चालत नाहीत, म्हणून तेथील चलन, नाकफा, रोख जवळ ठेवावेत, आणि जेवणानंतर माकियातो, म्हणजे थोडे दूध घातलेली कडक कॉफी, घेतल्याशिवाय उठू नये.