मुंबईहून वज्रेश्वरीच्या गरम कुंडांवर जावं का? गावाला त्याचा काय फायदा?

जावं, पण थंडीत आणि रविवार टाळून. वसई किंवा विरारहून एसटी मिळते. देवळाखेरीज जवळच अकलोली आणि गणेशपुरीतही, तानसा नदीच्या आसपास, कुंडं आहेत. ज्वालामुखी वगैरे काही नाही हं. जमिनीच्या भेगांतून खोल गेलेलं पाणी तापून वर येतं, एवढंच. त्वचारोग बरे होतात ही श्रद्धा. दुखऱ्या सांध्यांना शेक मात्र छान मिळतो. बीपी किंवा हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, नाहीतर पाय बुडवून बसा.

गावाचं म्हणाल तर लॉज, खानावळी, ओटी-नारळाची दुकानं यांवर घरं चालतात. त्रासही आहेच: गर्दी, कचरा, कुंडात साबणाचा फेस. शांपूच्या पुड्या टाकणारे बहुतेक आपल्यासारखे शहरातलेच. अंघोळ घरून करून जा.