टीम सहाची बारा झाली की

प्रिय मित्रा,

तुझी सॉफ्टवेअर टीम सहाची बारा जणांची झाली आणि स्टँडअप, म्हणजे रोजची छोटी मीटिंग, १५ मिनिटांवरून ४० मिनिटांवर गेली, असं तू लिहिलंस. यात माणसांचा दोष नाही. सहा जणांत बोलणाऱ्यांच्या जोड्या १५ होतात, बारा जणांत ६६. स्क्रम या टीमने काम करायच्या पद्धतीची मार्गदर्शिका, स्क्रम गाइड, तिची २०२० ची आवृत्तीही टीम साधारण दहा किंवा त्याहून कमी जणांची असावी, असंच सांगते. तेव्हा दोन टीम कर, लांबणीवर टाकू नकोस.

खरी गोम वाटणीत आहे. फ्रंटएंड (स्क्रीनचं काम), बॅकएंड (सर्व्हरचं काम), टेस्टिंग अशी कौशल्यावर वाटणी करायचा मोह होईल. मग 'बिलात सवलत दाखवा' एवढंसं काम तीन बॅकलॉगमध्ये, म्हणजे तीन टीमच्या कामांच्या याद्यांत, रांग लावतं. एपीआय, म्हणजे स्क्रीनला सर्व्हरशी जोडणारा भाग, या स्प्रिंटला (दोन आठवड्यांच्या टप्प्याला), स्क्रीन पुढच्या, टेस्टिंग त्याच्या पुढच्या. चार दिवसांच्या कामाला सहा आठवडे. त्यापेक्षा ऑर्डर आणि पेमेंट एका टीमकडे, परतावे आणि तक्रारी दुसरीकडे, अशी ग्राहकाच्या कामानुसार वाटणी कर. आधी गेल्या तीन महिन्यांची पूर्ण झालेली तिकिटं (कामांच्या नोंदी) काढ आणि कोण कोणासाठी अडून राहिलं ते बघ. जे रोज एकमेकांसाठी थांबतात, ते एकाच टीममध्ये हवेत. टेस्टर एकच असेल तर त्याला दोन्हीकडे अर्धा-अर्धा देऊ नकोस, त्याचा दिवस मीटिंगमध्येच संपेल. दुसऱ्या टीमच्या डेव्हलपरांना ऑटोमेटेड टेस्ट लिहायला घाल, आणि तिथे सुरुवातीचे दोन-तीन स्प्रिंट काम कमीच घे.

'निर्णय तुम्हीच घ्या' असं नुसतं तोंडी सांगून भागत नाही, लिहून दे. रिलीज कधी करायचं, हे टीम ठरवेल. सामायिक डेटाबेस टेबलमध्ये बदल करायचा तर दुसऱ्या टीमला विचारून. पैसे मोजून नवी सेवा घ्यायची असेल तर तुझ्याकडे. कसोटी लागते ती तुला न पटणारा निर्णय टीम घेते तेव्हा. दहा मिनिटांत रोलबॅक होणारं, म्हणजे मागे घेता येणारं असेल तर होऊ दे. एकदा वरून फिरवलास की दुसऱ्या दिवसापासून बटणाच्या रंगाचा प्रश्नसुद्धा तुझ्या टेबलावर येईल, आणि तो आणणाऱ्याचं काही चुकणार नाही.

दोन टीमच्या व्हेलॉसिटीची, म्हणजे एका स्प्रिंटमध्ये पूर्ण केलेल्या पॉइंटची, तुलना मात्र कधीच करू नकोस. पॉइंट म्हणजे कामाच्या आकाराचा अंदाज, आणि प्रत्येक टीमचे पॉइंट तिच्या स्वतःच्या मापाचे असतात. तुलना सुरू झाली की आज तीन पॉइंटची असलेली स्टोरी (एक छोटं काम) महिन्याभरात पाचची होते, काम तेवढंच राहतं. काम हातात घेतल्यापासून ग्राहकापर्यंत पोचायला किती दिवस लागले, ते मोज.

रेट्रोला, म्हणजे स्प्रिंट संपल्यावर काय जमलं आणि काय अडलं ते बोलायच्या बैठकीला, टीमने बोलावलं तरच जा. तू समोर असताना तुझ्यामुळे अडलेली कामं कोणी बोर्डवर चिकटवणार नाही.

तुझा,
एक जुना सहकारी