गणिताच्या पदवीला असताना जीवशास्त्राशी जोडलेले संशोधन करता येईल का?

आपण गणिताच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहात, शाळेनंतर जीवशास्त्राशी संबंध राहिलेला नाही, आणि दोन्ही विषयांना जोडणारा प्रकल्प घेण्यापूर्वी किती जीवशास्त्र शिकावे लागेल, असे आपण विचारले आहे. प्रकल्प निश्चित घेता येईल. मीही याच वाटेने गेलो. संपूर्ण जीवशास्त्र आधी शिकून घेण्याची गरज नाही, परंतु ज्या आकड्यांवर आपण काम करणार ते कसे मोजले गेले, हे मात्र मुळापासून समजून घ्यावे लागते. माझी चूक नेमकी तेथेच झाली.

माझा प्रकल्प यीस्टच्या वाढीवर होता. वेर्हुल्स्ट यांनी 1838 मध्ये मांडलेले लॉजिस्टिक समीकरण (संख्या आधी वेगाने वाढते आणि मग एका कमाल मर्यादेपाशी थांबते, असे सांगणारे) मला ठाऊक होते आणि प्रयोगशाळेतील एका सहकारी विद्यार्थिनीने ठरावीक वेळाने मोजलेली द्रावणाची गढूळता (पेशी जितक्या जास्त, तितकी ती जास्त) माझ्या हाती आली होती. वक्र इतका सुरेख जुळला की संख्येची कमाल मर्यादा मी दोन दशांश स्थळांपर्यंत लिहून दिली. तिने शांतपणे तोच नमुना पातळ करून पुन्हा मोजून दाखवला. पेशी अजून वाढतच होत्या. द्रावण फार दाट झाले की उपकरणाचे वाचन पेशींच्या प्रमाणात वाढत नाही, एवढेच घडले होते. मी मोठ्या आत्मविश्वासाने काढलेली मर्यादा यीस्टची नसून उपकरणाची होती! ती शेवटची वाचने वगळल्यावर दुसरी अडचण उघड झाली: उरलेल्या सुरुवातीच्या भागात लॉजिस्टिक आणि घातांकी (मर्यादेविना ठरावीक पटीने होणारी) वाढ जवळजवळ सारखीच दिसते, त्यामुळे मर्यादेची कोणतीही मोठी किंमत घेतली तरी वक्र तितकाच चांगला जुळत होता.

हा प्रश्न यीस्टपुरता नाही. कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांच्या 1927 च्या साथप्रतिमानातही (साथ कशी पसरते हे समीकरणांत मांडणाऱ्या नमुन्यातही) साथीच्या आरंभीच्या रुग्णसंख्येवरून संसर्गाचा दर आणि बरे होण्याचा दर यांतील फरक तेवढा कळतो; दोन्ही दर वेगळे करायचे तर रुग्ण किती दिवस संसर्गजन्य राहतो याची माहिती अन्यत्र शोधावी लागते. दिलेल्या निरीक्षणांवरून कोणते प्राचल (समीकरणातील असे दर किंवा मर्यादा) ठरवता येतात आणि कोणते नाहीत, हा शुद्ध गणिती प्रश्न आहे, आणि पदवीच्या प्रकल्पासाठी तो पुरेसा सखोल आहे.

गणितामुळे जीवशास्त्रातील वाद कसा सुटतो हे पाहायचे असेल, तर लुरिया आणि डेलब्रुक यांचा 1943 चा प्रयोग अभ्यासावा. विषाणूंच्या हल्ल्यातून काही जीवाणू वाचतात. ही क्षमता हल्ल्यामुळे येते की आधीच झालेल्या उत्परिवर्तनातून? ती हल्ल्यामुळे येत असती, तर वेगवेगळ्या नळ्यांतून वाचलेल्यांची संख्या प्वासाँ वितरणानुसार असती, म्हणजे प्रचरण (संख्या सरासरीभोवती किती विखुरल्या आहेत याचे माप) साधारण सरासरीइतकेच आले असते. प्रत्यक्षात ते कितीतरी पट जास्त निघाले, कारण एखाद्या नळीत उत्परिवर्तन लवकर घडले की त्या पेशीची सारी संतती वाचते. यासाठी लागणारी संभाव्यता आपल्या अभ्यासक्रमात बहुधा असेलच.

तयारी म्हणून अवकल समीकरणांचे गुणात्मक विश्लेषण, रेषीय बीजगणित, संभाव्यता आणि पायथन किंवा आर यांपैकी एक भाषा पुरे. गणित अवघडच हवे असेही नाही. हार्डी यांचे 1908 चे लोकसंख्या-आनुवंशिकीतील (समूहात जनुकांचे प्रमाण पिढ्यान्पिढ्या कसे राहते याच्या अभ्यासातील) पत्र शालेय बीजगणिताच्या पलीकडे फारसे जात नाही.

एका मोहापासून मात्र सावध राहावे. भक्ष्य-भक्षकाच्या प्रसिद्ध समीकरणांत एखादे नवे पद घालून स्थिरतेचे प्रमेय सिद्ध करणे सोपे असते, आणि असे प्रकल्प विपुल होतात. त्यांतील गणित बरोबर असले तरी ते पद कोणत्या प्राण्याच्या कोणत्या वर्तनासाठी आले, हे अनेकदा लेखकालाही सांगता येत नाही. म्हणून मार्गदर्शक शक्यतो दोन घ्यावेत, एक गणिताचे आणि एक प्रत्यक्ष प्रयोग करणारे. दुसऱ्यांना पहिल्याच भेटीत प्रतिमान दाखवू नये. मोजमाप चालू असताना शेजारी बसण्याची परवानगी मागावी.