दोन वर्षांपासून बासरी वाजवतोय, आता ब्लूज फाइफ (ढोलांसोबत वाजवायची छोटी आडवी बासरी) शिकायची आहे. नोटेशन कुठे मिळेल?

नोटेशन शोधू नका. मी तेच करत बसलो आणि सहा महिने फुकट घालवले. दोन वर्षं बासरी वाजवताय म्हणजे फुंक तयार आहे. कच्चा असेल तो ठेका.

हे वादन अमेरिकेतल्या उत्तर मिसिसिपीच्या टेकड्यांमधलं. तिथल्या ग्रॅव्हल स्प्रिंग्जचे ओथार टर्नर (2003 साली वारले) शेतकरी होते. त्यांच्या पिकनिकला बकरं भाजलं जायचं आणि धुळीत ढोलवाल्यांच्या पुढे फाइफ वाजवत ते चालायचे. एक मोठा ढोल, दोन स्नेअर (खडखडणारे छोटे ढोल) आणि एवढीशी बासरी! खालचं सप्तक त्या गलक्यात बुडून जातं, म्हणून फुंक जोरकस लागते.

आपल्याला खरा त्रास गंधाराचा होतो. तो धड कोमल नाही, धड शुद्ध नाही, मधेच कुठेतरी लागतो. आपला कान लगेच त्याला ओढून जागेवर आणतो. तसं करू नका, मजा तिथेच आहे.

फाइफ स्वतःच करा. तिकडे ओढ्याकाठचा बारीक बांबू घेऊन तापल्या सळईने भोकं पाडतात, आपले बासरीवालेही सळईच वापरतात. मी गॅसवर सळई लाल केली, घरभर धूर झाला, आणि बांबू ओला असल्यामुळे दुसऱ्याच दिवशी फुंकीच्या भोकापासून उभा तडकला. बांबू चांगला वाळू द्या. भोकं मोजून नाही, बोटं सहज पडतील तिथे पाडायची.

ऐकायला लोकसंगीताचे संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स यांनी 1942 मध्ये सिड हेम्फिल यांचं आणि 1959 मध्ये एड व लॉनी यंग या भावांचं केलेलं ध्वनिमुद्रण घ्या. मग टर्नर, आणि त्यांच्यामागे बँड सांभाळणारी नात शार्डे थॉमस.

रियाज गच्चीवर, चालत. कुणाला तरी डबा बडवायला लावा आणि एकच छोटा तुकडा दहा मिनिटं वाजवा. पाय चुकला की तुकडा बिघडतो, हे लगेच कळेल. दम संपला तर फाइफ ओठांवरून काढून एक ओळ मोठ्याने गा, मग पुन्हा लावा. टर्नर तसंच करायचे. डबा मात्र थांबू द्यायचा नाही.