दुसऱ्या दिवशीची सोनोग्राफी ‘नॉर्मल’ आली म्हणून फाईल बंद करू नये

गर्भातल्या सोनोग्राफीत आपल्या मुलाची डावी किडनी सुजलेली दिसली, जन्मानंतर दुसऱ्याच दिवशीच्या तपासणीत ती ‘नॉर्मल’ निघाली, तेव्हा अक्कलकोटहून पुन्हा सोलापूरला खेप घालायची गरज आहे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते आहे. मी डॉक्टर नाही, पण आमच्या मुलीचे नेमके असेच झाले होते.

जन्मल्यावर पहिले दोन दिवस बाळाला लघवी कमी होते, त्यामुळे किडनीतला फुगवटा प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो किंवा दिसतही नाही. म्हणून सोनोग्राफी सहसा ४८ तासांनंतर करतात आणि ती चांगली आली तरी चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा करतात. आम्ही ज्या केंद्रात गेलो (नाव लिहीत नाही), तेथे गर्भारपणातला रिपोर्ट कोणी उघडलासुद्धा नाही. काउंटरवरच्या गृहस्थांनी तो ‘जुना आहे’ म्हणत पाकिटासकट परत सरकवला आणि ‘आता यायचे कारण नाही’ असे वर सांगितले, तेही तोंडी. पुढे मुलीला सर्दी-खोकला नसताना ताप येऊ लागला. सोलापुरात एप्रिलमधला ताप उन्हावर ढकलणे फार सोपे असते, तसा तो ढकलला गेला. लघवीचे कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) झाले तेव्हा जंतुसंसर्ग सापडला, एमसीयू तपासणीत (मूत्राशयात औषध भरून लघवी होताना काढलेला एक्स-रे) लघवी मूत्राशयातून उलटी किडनीकडे चढते हे कळले, पाचांपैकी चौथ्या, म्हणजे तीव्र श्रेणीचे, आणि डीएमएसए स्कॅनमध्ये (किडनीची इजा दाखवणारी तपासणी) किडनीवर कायमचे व्रण दिसले. त्या काउंटरचा राग अजून गेलेला नाही. ‘पुन्हा येऊ नका’ हे कोणी सांगितले तर ते कागदावर सहीसह मागावे. बहुतेकांची जीभ तिथेच अडखळते.

घाबरवण्याचा हेतू नाही, कारण सौम्य सूज बऱ्याच मुलांमध्ये आपोआप ओसरते. मात्र कारण न कळणारा ताप आला, तर अँटिबायोटिक सुरू होण्यापूर्वी लघवीचा नमुना द्यावा. चिकटवलेल्या पिशवीतल्या नमुन्यात त्वचेवरचे जंतू मिसळतात, त्यामुळे त्यावरून कल्चर करू देऊ नये.

आपला मुलगा असल्यामुळे आणखी एक गोष्ट पाहावी. दोन्ही किडन्या सुजलेल्या असतील, किंवा लघवीची धार बारीक, थेंबथेंब पडत असेल, तर मूत्रमार्गात लघवी अडवणारा जन्मजात पडदा असू शकतो. तेव्हा सहा आठवड्यांची वाट न पाहता त्याच दिवशी बालशल्यचिकित्सकांना गाठावे.