"मॅडम, मी तुमचं फेसबुक बघितलं"

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

वय 32. दुसऱ्या गर्भपातानंतर तिची झोप उडाली होती. समुपदेशनासाठी माझ्याकडे आली. तीन भेटी मोकळेपणाने बोलली. चौथ्या भेटीत मात्र ऑफिस, ट्रॅफिक, सासूबाईंचा गुडघा. वेळ संपत आली तेव्हा पर्सचा बंद बोटाला गुंडाळत म्हणाली, "मॅडम, मी तुमचं फेसबुक बघितलं. रागावणार नाही ना?"

तिला माझ्या मुलीच्या बारशाचा जुना फोटो सापडला होता. "पाळण्यापाशी किती खूश दिसताय तुम्ही! मला हेवा वाटला. मग त्याचीच लाज वाटली."

समुपदेशकाला असं शोधणं चूक आहे का, हे मला बरेच जण दबकत विचारतात. अजिबात नाही. ज्याच्यासमोर मन उघडं करायचं, तो कोण हे बघायलाच हवं. शिक्षण, अनुभव, आणि 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' अशी पाटी असेल तर रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची (अशा तज्ज्ञांची नोंद ठेवणाऱ्या केंद्राच्या संस्थेची) नोंदणी जरूर तपासा. बघता बघता घरच्या फोटोंपर्यंत पोचलात, तरी गुन्हा नाही. त्यामुळे मनात काही अडलं, तर तेवढं मला सांगा. तिने सांगितलं, म्हणून पुढचं बोलणं झालं: नणंदेच्या डोहाळजेवणात तिने हसत सगळ्यांना वाढलं होतं आणि मग बाथरूममध्ये नळ सोडून रडली होती.

"तुम्ही बघता का आम्हाला?" तिने विचारलं.

नाही बघत. पूर्वी एकदा बघितलं होतं. एकजण भेटीला आला नाही, फोन लागेना, म्हणून त्याचं प्रोफाइल उघडलं. तो सुखरूप आहे हे कळल्यावरही मी फोटो बघत राहिले. वरातीत नाचताना दिसला. पुढच्या भेटीत तो म्हणाला, "सकाळी अंथरुणातून उठवत नाही." माझ्या डोळ्यांपुढे ती वरात. मी त्याचं बोलणं शंकेने ऐकलं, आणि का ते त्याला सांगितलंही नाही. दोन भेटींनंतर तो यायचा थांबला. याचं मला आजही वाईट वाटतं.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 च्या कलम 23 मध्ये उपचार घेणाऱ्याच्या गोपनीयतेचा हक्क आहे. मी तो माझ्या कुतूहलालाही लावते: तुम्ही जे सांगितलं नाही, ते परस्पर मिळवायचं नाही. जिवाला धोका वाटला तर गोष्ट वेगळी. तेव्हाही आधी तुम्ही फॉर्मवर दिलेल्या जवळच्या माणसाला फोन, आणि काय केलं ते नंतर तुम्हाला सांगणं. फ्रेंड रिक्वेस्ट आली तर स्वीकारत नाही. का, ते भेटीत बोलते.

त्या रात्री मी घरचे अल्बम खाजगी केले आणि पुढच्या भेटीत तिला तसं सांगितलं. तिने मान हलवली. मग विचारलं, "मुलीचं नाव काय ठेवलंत?"

मी सांगितलं. बराच वेळ ती खिडकीकडे बघत राहिली. मग तिने मनात ठरवून ठेवलेली दोन नावं पहिल्यांदा मोठ्याने उच्चारली.